मांडीवरचं पोतं

मी वजनकाट्यावर काम करते. दगडाच्या खाणीच्या तोंडाशी आमचा काटा आहे. ट्रक येतो, उभा राहतो, मी खिडकीतून आकडा ओरडते, ट्रक जातो. या नोकरीनं मला एक खोड लागली आहे: माणूस समोर आला की त्याचं तोंड बघायच्या आधी मी त्याचं वजन करते. दादा लग्न करून वहिनीला घरी घेऊन आला, तेव्हा दारात उभ्या असलेल्या त्या मुलीकडे बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की ही आमच्या घराला फार हलकी पडणार.

आमच्या घरात हात चालतो. हे मी लपवत नाही, आणि त्याचा अभिमानही सांगत नाही. वडिलांचा चालायचा, आजोबांचा चालायचा, आणि आईनं आम्हाला जेवढं भरवलं तेवढंच बदडलंही. माझाही चालतो. एकदा एका ट्रकवाल्यानं काट्याच्या खिडकीतून आत हात घालून माझं मनगट धरलं होतं. त्याला मी स्टूल फेकून मारलं, आणि तेव्हापासून तो काट्यावर आला की गाडीतून उतरत नाही. लग्न मी केलं नाही. आमच्या घरातले पुरुष पाहिले होते, आणि बाहेरचे त्यांच्यापेक्षा बरे असतील याची कुणी खात्री देईना.

दादा लोखंडी गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिने बनवतो. गल्लीत त्याला फटका म्हणतात. बोलायच्या आधी तो हात उचलतो, लोखंडावर आणि माणसावर सारखाच. पण कारागीर म्हणाल तर पहिल्या नंबरचा. आपला तो बाब्या म्हणून सांगत नाही. त्यानं जोडलेलं गेट वीस वर्षांनीही कुरकुरत नाही. कुरकुरायची हिंमत त्याच्या गेटांनाही होत नसावी.

वहिनीचे वडील टॅक्सी चालवायचे. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ती त्या टॅक्सीच्या पुढच्या सीटवरच वाढली म्हणायला हरकत नाही. ते गेल्यावर भाड्याचं घर सुटलं आणि तिच्या वाट्याला ती टॅक्सी तेवढी आली. जुनी, लांबोडकी, जड गाडी. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. वहिनीला ती उत्तम चालवता यायची, पण आमच्याकडे आल्यावर तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "बायकांच्या हातात गाडी दिली की क्लच जातो," दादा म्हणायचा. गाडी तिची, आणि शहाणपण ह्याचं.

वहिनी हळू बोलायची, पण बोलायची. सकाळी मी खाली उतरले की चहा ओतताना ती मला हळूच सांगायची, "ताई, आज ढगाळ आहे." म्हणजे दादाचं डोकं फिरलेलं आहे, जपून. कधी म्हणायची, "आज गारा पडणार." अंगावरचे वळ तिनं कुणाला दाखवले नाहीत. कुणी विचारलंच तर "आपटले" म्हणायची. समोरची शेजारीण एकदा म्हणाली, "तुमच्या घरात फर्निचर फार दिसतंय." आमच्या घरात तेव्हा एक पलंग, एक कपाट आणि एक डगमगतं टेबल होतं. मी हसले. आज त्या हसण्याची मला चीड येते, पण हसले.

आता गाडीचं सांगते, कारण सगळं त्या गाडीच्या मागच्या भागात घडलं.

रविवारी खाण बंद असते. त्या दिवशी गल्लोगल्लीचे गाडीवेडे आपापली जुनी धुडं घेऊन खाणीत जमतात. वरपासून तळापर्यंत उतरणारा नागमोडी रस्ता आहे, एका अंगाला दगडाची भिंत आणि दुसऱ्या अंगाला नुसती हवा. एकेकानं खाली जायचं, कमीत कमी वेळात जाईल तो राजा. बक्षीस म्हणून टाळ्या आणि आठवडाभराची फुशारकी. दादाला दोन्हींची भूक फार. पण टॅक्सीच्या मागच्या चाकांना जोडणारा धुरा पोलादी पाट्यांवर बसवलेला होता, आणि वळणावर ब्रेक दाबला की मागचा भाग उड्या मारायचा. दादा प्रत्येक रविवारी मागे राहायचा आणि प्रत्येक रविवारी संध्याकाळी आमच्याकडे गारा पडायच्या.

मग त्यानं ठरवलं की पाटे काढून फेकायचे. त्या जागी गोल स्प्रिंगा बसवायच्या आणि धुरा जागेवर धरायला स्वतःच्या हातानं बनवलेल्या दांड्या लावायच्या: चार गाडीच्या लांबीच्या दिशेनं, दोन वर, दोन खाली, आणि एक आडवी, एका टोकानं धुऱ्याला आणि दुसऱ्या टोकानं गाडीच्या सांगाड्याला बांधलेली, म्हणजे धुरा डावीउजवीकडे सरकणार नाही. घरामागच्या शेडमध्ये जमिनीत एक खड्डा होता. गाडी त्यावर उभी करायची आणि खाली उतरून काम करायचं.

हे काम एकट्यानं होत नाही. ओळंबा धरायला माणूस लागतो, टेपचं दुसरं टोक धरायला लागतो, जमिनीवर खडूच्या खुणा करायला लागतो. गल्लीतले दोघेतिघे आले, शिव्या खाऊन गेले. शेवटी उरली वहिनी. तिला जायला जागाच नव्हती.

आणि ती त्यात रमली, हे मी स्वतः पाहिलं. बापाची गाडी होती ती. ओळंब्याचा दोरा थरथरायचा थांबेपर्यंत ती श्वास धरून बसायची. सांगाड्याच्या चार कोपऱ्यांचे ओळंबे जमिनीवर घेऊन दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले तर गाडी सरळ, हे तिला एकदाच सांगावं लागलं. रात्री भाकरी थापताना मला म्हणाली, "ताई, पुढची चाकं आपण वळवतो, मागची आपली आपण वळतात. दांडीचा कोन जरा चुकला की गाडी झुकल्यावर धुरा तिरका होतो. मग तुम्ही इकडे वळवा, ती तिकडे जाते." मी म्हटलं, "म्हणजे दादासारखी." ती हसली नाही. म्हणाली, "त्यांचे कोन कुणी मोजलेच नाहीत."

एका दुपारी खालच्या दोन दांड्या तयार झाल्या. दादा लावायला निघाला, आणि वहिनी म्हणाली, "ही डावी जरा लांब आहे."

"डोळे फुटलेत का तुझे? आत्ता मोजली मी."

"मोजून बघा ना पुन्हा."

दादाच्या हातात चौकोनी नळीचा तुकडा होता. त्यानं तो आडवा फिरवला. वहिनीच्या उजव्या मांडीवर बसला. मी जिन्यात कपडे वाळत घालत होते. तो आवाज ओल्या चादरीवर काठी मारल्यासारखा आला. ती ओरडली नाही, नुसती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. दादानं टेप घेतला, दोन्ही दांड्या मोजल्या, डावी उचलली आणि ग्राइंडरवर धरून कमी केली. मी खाली धावले आणि त्याला तोंडाला येईल ते बोलले. तो ग्राइंडर बंद न करताच उभा राहिला, त्यामुळे मी काय बोलले ते त्याला ऐकूही गेलं नसेल.

त्या मांडीवर दोन सरळ रेघा उमटल्या, नळीच्या दोन कडांच्या. आधी लाल, मग जांभळ्या, मग काळ्या.

त्या रेघा काळ्या असतानाच शेवटचं काम आलं. इथे एक नियम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या दांड्यांच्या टोकांना रबराचे बुश, म्हणजे सांध्यात बसणारी जाड कडी, असतात. ते घट्ट आवळताना, आणि आडव्या दांडीचं टोक धरणारी पकड सांगाड्याला जोडताना, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी पाहिजे आणि सीटवर चालवणाऱ्याचं वजन पाहिजे. गाडी जशी उभी असताना आवळाल, तेच तिला सरळ उभं राहणं वाटतं. पुढे आयुष्यभर ती तिथेच परत येऊ बघते.

दादा स्वतः सीटवर बसला तर खाली वेल्डिंग कोण करणार? म्हणून वहिनीला बसवायचं. पण वहिनी हलकी. दादाच्या आणि तिच्या वजनात दीड पोतं वाळूचा फरक पडतो, हे मी काट्याशिवायही सांगितलं असतं. दादानं वाळूचं एक छोटं पोतं उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. दुसरं अर्धं पायाशी.

"आता तू म्हणजे मी," तो म्हणाला. "हलायचं नाही. केस हलला तरी कळेल मला."

मी कामावरून आले तेव्हा ती तशी बसली होती. शेडचा पत्रा तापलेला, गाडीच्या काचा खाली, आणि ती सीटवर ताठ, मांडीवर पोतं, दोन्ही हात पोत्यावर. खड्ड्यातून दादाच्या शिव्या आणि वेल्डिंगचा निळा उजेड येत होता.

"काय वहिनी," मी म्हटलं, "मांडीवर कोण? भाचा का माझा?"

"हो," ती ओठ न हलवता म्हणाली. "अगदी बापावर गेलाय. काही ऐकत नाही, नुसता दाबतो."

तेवढ्यात खालून दादानं हातोडा घालून गाडीचा पत्रा वाजवला, बरोबर तिच्या तळपायाखाली. सबंध गाडी दणाणली. "हलतेस काय? गप्पा मारायला बसवलंय का?" मी त्याला दोन शब्द सुनावले आणि वर निघून गेले. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण मला अंघोळ करायची होती.

पुढचं मला नंतर कळलं. दादा पाणी प्यायला खड्ड्यातून वर आला आणि नळाकडे गेला. वहिनीच्या मांडीत तोवर कळा येत होत्या. पोतं बरोबर त्या दोन रेघांवर टेकलं होतं. तिनं ते जरा वेळ शेजारच्या सीटवर सरकवलं. तो येईपर्यंत परत घेऊ, असा तिचा हिशोब. पण दादा लगेच आला आणि खड्ड्यात उतरला. आता पोतं उचलायचं म्हणजे गाडी हलणार, आणि गाडी हलली तर हातोडा. तिला वाटलं, आवळायचं ते आवळून झालंय. ती हलली नाही. हलायचं नाही असंच सांगितलं होतं. गाडी तिकडच्या अंगाला जराशी झुकलेली, आणि त्या झुकलेल्या गाडीखाली दादा पाणसळ लावून आडवी दांडी अगदी सरळ रेषेत आणत होता. मग त्यानं पकडीला वेल्डिंगचे टाके मारले, मग पूर्ण वेल्ड केलं, मग बुश आवळले. काम म्हणून नजर लागण्यासारखं. फक्त वाकड्या गाडीला.

रविवारी अख्खी गल्ली खाणीत होती. मी काट्याच्या खोलीच्या पायरीवर बसले होते, वहिनी माझ्या शेजारी. दादा निघाला. पहिलं वळण उजवीकडचं. गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली आणि लोक ओरडले. मागचा भाग उडाला नाही, घसरला नाही, काही नाही. वहिनीनं माझा हात धरला. तिच्या तोंडावर असा आनंद होता की मी दादाला त्या क्षणापुरती माफी देऊन टाकली.

दुसरं वळण डावीकडचं. दादानं गाडी टाकली आणि मागचा भाग एकदम बाहेर गेला, कुणी शेपूट धरून ओढल्यासारखा. गाडी फिरली, पाठीमागून दगडाच्या भिंतीवर आदळली, उलटून पुन्हा चाकांवर आली आणि पुढे घसटत गेली. काच, धूळ, आणि लोखंड चिरडल्याचा तो लांबलचक आवाज. आम्ही धावलो. दादा स्वतःच दार लाथेनं उघडून बाहेर आला. नाकातून रक्त, पुढचा एक दात गेलेला, एक भुवई फाटून डोळ्यावर आलेली. मदतीला पुढे झालेल्या माणसाला त्यानं ढकलून पाडलं. मग तो गाडीखाली सरपटत गेला आणि आडव्या दांडीचं तुटलेलं टोक हातात घेऊन बाहेर आला. बुश फाटून लोंबत होता.

"केसभर," तो म्हणाला. रक्त थुंकला आणि पुन्हा म्हणाला, "केसभर!"

केसभर म्हणजे लेथवाले काका. त्या बुशांची पोलादी घरं त्यांनी कातून दिली होती. काहीही कातायला दिलं की म्हातारा म्हणायचा, "केसभर काढतो अजून, थांब." म्हणून ते नाव. दोऱ्यानं बांधलेला चष्मा, कायम तेलकट बोटं, आणि आवाज न चढवता बोलायची सवय. आमच्या भागात त्यांच्याशी कुणाचं भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

"उद्या त्याचा उजवा हात मोडतो," दादानं सगळ्यांसमोर सांगितलं. "पुन्हा कुणाचा जीव घेणार नाही तो." आणि दादा असलं काही बोलला की करतो, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

रात्री वहिनीनं मला स्वयंपाकघरात पोत्याचं सांगितलं. सांगताना ती एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत होती.

मी म्हटलं, "गप्प बस. हे तुझ्या तोंडून निघालं तर तो तुला जिवंत ठेवणार नाही."

"आणि काकांचा हात?"

"त्यांचा हात त्यांच्यापाशी. ते दुकान बंद करून पळून जातील."

"ते कशाला पळतील? त्यांनी काय केलंय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मलाही दिसत होतं. पण संन्यासी माझा कोण होता? वहिनी माझी होती. मी तिला गप्प बसायला सांगितलं, आणि आज विचारलंत तरी तेच सांगेन. तिनं भांडं पालथं घातलं आणि झोपायला गेली.

सकाळी दादा फाटका बुश मुठीत घेऊन बाहेर पडला. मी कामाला निघाले होते. वहिनीनं पायात चपला घातल्या. "ताई, येताय?" एवढंच म्हणाली आणि माझी वाट न बघता चालू लागली. उजव्या पायानं लंगडत होती, तरी मला तिला गाठायला पळावं लागलं.

केसभरचं दुकान म्हणजे एक लेथ, एक ड्रिल, एक बाक आणि जमिनीवर घोटाभर लोखंडाचे कीस. आम्ही पोचलो तेव्हा दादानं म्हाताऱ्याचा उजवा हात बाकावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घातला होता. व्हाइस आवळलेला. म्हातारा वाकून उभा, चष्मा नाकावरून लोंबत होता. तोंडातून नुसती कण्हण्याची एक बारीक तार. दारात दोन गिऱ्हाइकं भिंतीला चिकटून उभी होती.

"केसभर केसभर म्हणतोस आणि बोटभर खाल्लंस!" दादा ओरडत होता. "ढिला बुश दिलास मला! बोल, दिलास की नाही?"

"सोडा त्यांना," वहिनी म्हणाली.

"तू घरी जा."

"बुशाचा दोष नाही. बुश ढिला असता तर गाडी दोन्हीकडे घसरली असती. उजवीकडे घसरली का? कशी गेली सांगा, तुम्हीच होतात आत."

दादानं फाटक्या बुशाकडे बघितलं. कारागीर होता तो, आणि तिचं म्हणणं लोखंडाच्या भाषेतलं होतं.

"एकाच बाजूला गेली, म्हणजे ती वाकडी आवळली गेली," वहिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा मी मांडीवरचं पोतं शेजारच्या सीटवर ठेवलं. तुम्ही आलात. मग मला हलायची भीती वाटली. तुम्ही पकड जोडली तेव्हा पोतं तिकडे होतं."

"का?" दादा म्हणाला. मी त्याला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "का ठेवलंस तिकडे?"

वहिनीनं त्या दोन परक्या गिऱ्हाइकांसमोर, त्या म्हाताऱ्यासमोर, अंगावरचा कपडा मांडीपर्यंत वर केला. दोन काळ्या रेघा, पट्टीनं आखाव्यात तशा सरळ.

"ह्यासाठी," ती म्हणाली. "दांडी लांब होती तेव्हाचे हे वळ. मोजून बघा हवं तर."

दादाचा हात व्हाइसच्या दांड्यावर होता. राग आला की त्याचा हात मागे येत नाही, पुढेच जातो. त्यानं तो दांडा अजून एक फेरा फिरवला, तिच्याकडे बघत, आपण काय फिरवतोय याचं भान नसल्यासारखा. कट असा आवाज आला आणि केसभर किंचाळले.

मग त्यानं व्हाइस सोडला आणि वहिनीवर गेला. पहिली थप्पड तिच्या तोंडावर अशी बसली की ती लोखंडाच्या किसात पडली. मग लाथ घालायला त्यानं पाय मागे घेतला. लेथच्या पायाशी कातायला आणलेले गोल गज पडले होते. मी त्यातला एक उचलला. दोन्ही हातांनी. दादानं माझी चाहूल लागून हात वर केला, म्हणून डोक्याऐवजी हातावर बसला. उजव्या हाताचं हाड कोपराच्या खाली मोडलं, आणि तो आवाज केसभरांच्या बोटांपेक्षा मोठा होता.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? तो गुडघ्यावर बसला आणि माझ्याकडे बघून "धाकटे?" म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं. आणि मला आणखी एक घालावासा वाटला. आमच्याच घरची आहे मी. गज माझ्या हातातून एका गिऱ्हाइकानं काढून घेतला.

वहिनी तोवर उठली होती. ओठ फाटलेला, गालात कीस रुतलेले. ती दादाकडे गेली नाही आणि माझ्याकडेही आली नाही. आधी व्हाइसपाशी गेली आणि दांडा उलटा फिरवून म्हाताऱ्याचा हात मोकळा केला.

केसभरांची दोन बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. तक्रार त्यांनी केली नाही, दादाला म्हणाले, "तुझ्या हाताला शिक्षा मिळाली, माझा हात होईल बरा." दादाच्या हाताला प्लास्टर घातलं, आणि डॉक्टरपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना तो सांगत सुटला, "शिडीवरून पडलो." समोरची शेजारीण म्हणाली, "फर्निचरात भर पडली वाटतं." या वेळी मी हसले ते मनापासून.

तो सुधारला असं मी म्हणणार नाही. जित्याची खोड. पण हाड वाकडं जुळलं आणि हाताला पूर्वीचा जोर येईना, आणि मी रोज संध्याकाळी कामावरून तडक शेडमध्ये यायचे. तिथे वहिनी असायची. तिनं गाडी ओढून आणवली होती. चेपलेला पत्रा ठोकून काढला, आडव्या दांडीची पकड ग्राइंडरनं कापून टाकली आणि वेल्डिंगची काच स्वतःच्या डोळ्यांवर धरली. पहिले टाके शेणासारखे पडले. केसभर आठ बोटांनी नवे बुश कातून घेऊन आले आणि बाकावर बसून नुसतं म्हणत राहिले, "घाई नको, केसभर मागे, थांब." दादा रिकाम्या ड्रमवर बसून बघायचा. चुकलं की त्याच्या तोंडात शिवी यायची आणि माझ्याकडे बघून परत जायची.

शेवटी आवळायचा दिवस आला. गाडी खड्ड्यावर, चाकांवर उभी. वहिनीनं मला सीटवर बसायला सांगितलं. आम्हा दोघींच्या वजनात फरक नाही. तेवढं मी काट्यावर बघून ठेवलं होतं. मी बसले. ती पाणसळ घेऊन खड्ड्यात उतरली.

दादा ड्रमवरून उठला. कोपऱ्यात ते वाळूचं पोतं होतं, त्याच्याकडे गेला. डाव्या हातानं ते ओढत आणायला लागला.

"ते कशाला?" खड्ड्यातून वहिनीनं विचारलं.

"अगं, माझं वजन नको का धरायला?"

"ज्यानं चालवायची त्याचं वजन धरायचं," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतंत."

दादा पोत्याशी तसाच वाकून उभा राहिला. मग त्यानं ते सोडलं आणि त्यावरच बसला. आवळायचं काम सुरू झालं. पान्याची करकर, पकडीवर एक टाका, मग दुसरा. ऊन पत्र्यावर चढत होतं. बराच वेळ गेला.

"ताई," खालून आवाज आला. "पाय भरून आले का? दुखायला लागलं तर सांगा. मी थांबते."

पाय दुखत नव्हते. पण या घरात जन्म काढला आणि दुखतंय का असं मला कुणी विचारल्याचं आठवेना. मला रडू फुटलं, आणि मी ते दाबायचा प्रयत्न केला, पण ते दाबलं जाईना.

"अहो ताई, हलू नका ना," वहिनी म्हणाली. "गाडी हलतेय." आणि पाना खाली ठेवून, माझं रडणं थांबेपर्यंत, ती खाली वाट बघत उभी राहिली.